फोन धरणारा

बेबीकाकूच्या चक्कीतून तीन दिवस
पीठ गरम येत होतं, जळक्या वासाचं.
गिऱ्हाइकं डबे घेऊन अल्लीपूरकडं वळली होती.
दगड टाचायला झाला होता
आणि टाचणारे बकारामजी
सेवाग्रामच्या वार्डात, एका हाताला सलाईन.

मी दहावीत. फोन दादाचा.
माझं काम एवढंच: धरून उभं राहायचं.

"मेन पाडली का पहिले?"
"हाव, मामाजी."
"मले दाखव."
मी मेन दाखवली.
"आता दगड. अरे, छत काऊन दाखवतं बे!"

साखळीनं उचलून उताणा केलेला वरचा दगड,
चऱ्या झिजून पाटीसारखा गुळगुळीत.
"तोंडापासून कडेकडं जाय. टाकी उभी नको धरू व,
झोपव थोडी. घाव मनगटातून."
काकूनं नाकाला पदर बांधला.
ठिणगी उडाली
आणि चित्र थिजलं:
तिकडं म्हातारा, तोंड उघडं, बोट वर.
कुठल्या चरीकडं होतं ते बोट?
दाराशी गेलो की रेंज,
दगडाशी आलो की नाही.

शेवटी कुठून तरी तुटक आवाज आला,
"चित्र राहू दे. फोन दगडापाशी ठेव, पालथा.
मले नुसतं आयकू दे."

टक. टक.
टक.
"इथं पोकळ वाजलं. दोन बोटं मांगं."
टक.
"हाव."
मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.
कुणाची थाळी पडली, कुणी खोकलं,
नर्स म्हणाली, कोणाशी बोलता आजोबा?
"थांबा न बाई, दगड बोलून राह्यला."

चारला लाइन आली.
पहिला घाणा घरच्या ज्वारीचा. तो फेकला,
त्यात कच असते.
दुसऱ्याचं पीठ काकूनं कॅमेऱ्यापुढं चिमटीत चोळलं.
"कसं दिसते?"
"पांढरं दिसते. पांढरं तं सगळंच दिसते.
बोटाले कसं लागते, ते सांग."

काकू चोळत राहिली.
"तुमच्यासारखं," ती म्हणाली. मग, "नाई.
जरा रवाळ."
"मंग उद्या अजून एक हात घे.
फोन नको करू. तुले आयकू येते आता."

फोनच्या माइकात दगडाची भुकटी गेली
ती गेलीच.
दादा अजून मला शिव्या देतो:
समोरच्याला म्हणे आपलं बोलणं
भरडून येते.