पातळी

भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
दर शनिवारी विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात येतात
आणि शेअरचा भाव विचारतच नाहीत.
"कुपवाडच्या पंपवाल्यांचा पीई किती?"
मी स्क्रीन बघून सांगतो, तेवीस.
ते लिहितात, वही मिटतात.
चहा नको म्हणतात.

एकतीस वर्षं त्यांनी कृष्णेची पातळी लिहिली,
पुलाच्या खांबावरच्या पट्टीवरून,
सकाळी आठला, फूट आणि इंच.
त्यातलीच उरलेली सरकारी वही ही.
तारखेचा रकाना तसाच आहे,
"पाण्याची पातळी" खोडून वर निळ्या शाईत: पीई.

मला कोर्समध्ये शिकवलेलं,
भाव भागिले कमाई,
पंधराच्या आत स्वस्त, तिसाच्या वर महाग.
गिऱ्हाइकांना मी तेच सांगायचो,
टपरीवाला सुट्टे परत करतो तसं.

एकदा ते वही उघडूनच बसले.
नऊ साली सहा. कुत्रं विचारत नव्हतं.
चौदा साली सात.
"हे सात बघ. स्वस्त वाटतं ना?
त्या वर्षी त्यांनी मिरज रोडची जागा विकली.
हे धरणातनं सोडलेलं पाणी. पाऊस नव्हे."
सतरा साली एकेचाळीस,
समासात बारीक अक्षरात: भाच्यानं लग्नाचे पैसे घातले.

मग एकोणीसचा महापूर.
डीलरांच्या गोदामांत पंपच पाण्याखाली, कंपनी तोट्यात.
रकान्यात आकडा नाही. आडवी रेघ.
अशीच रेघ नदीच्या वहीतही त्यांनी मारली होती,
पाच साली,
ज्या सकाळी पट्टीच बुडाली.

रेघेनंतर थेट अठ्ठ्याऐंशी.
बापरे, मी म्हणालो, केवढा महाग.
"भाव जागेवरच आहे की.
कमाई आत्ता कुठं पाय टेकतीय.
पाणी चढलं का गाळानं तळ वर आला,
एका आकड्यावरनं कळत नाही.
कालचा लागतो. परवाचा लागतो.
आणि पट्टी कुणी रंगवली, ते."

"मग घेतले का तुम्ही तेव्हा?"
"कुठलं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं."

ते जिना उतरत होते, एकेक पायरी,
तेवढ्यात हरिपुरातून फोन आला:
तेवीस म्हणजे महाग का स्वस्त?
मी म्हणालो, थांबा जरा,
मागची पानं बघून सांगतो.