खुर्ची फिरवून

डावा कान वडगावातच राहिला,
बाबांच्या कारखान्यात, बारा मागांच्या मधे.
बॉबिन भरता भरता कधी गेला, कळलंच नाही.
डॉक्टर म्हणाले, मागावरच्या पोरींचं असंच.
मी म्हटलं, दुसरा आहे की.

आता रविवारी दुपारी, भांडी झाली की,
टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत
दोन टोकांना दोन स्पीकर, मधे वेताची खुर्ची,
आणि तबकड्यांची पेटी.
कॅम्पातल्या फिलोमिना पिंटोबाईंनी
गोव्याला जाताना वजनावर विकलेली.
खडे बाजारात बसवण्णेप्पांनी ती
रद्दीच्या काट्यावर तोलली : साडेअकरा किलो.
'केळ्री,' म्हणाले, 'अगोदर ऐका, मग पैसे.'
लहानपणी या शब्दाला किती हसायचो आम्ही,
कुणी केळ्री म्हटलं की
हात पुढे करायचो, सोलायला.

पहिली लावली तिच्या कव्हरवर चहाचा गोल डाग.
ट्रंपेट डावीकडे. म्हणजे माझ्यासाठी शेजारच्या घरात.
उजवीकडे नुसता बास,
आणि झांजेवरून कुणी सावकाश ब्रश फिरवतंय.
बराच वेळ वाटलं, हे वाट बघण्याचंच संगीत आहे,
कुणी यायचंच नाही यात.
मग खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड.
अगं बाई, तो तर मघापासून बोलतोय!
आणि किती खाली,
इस्पितळाच्या व्हरांड्यात बोलतात तसं.

दुसरीवर चौघे, केस खांद्यापर्यंत,
चेहऱ्यावर जेवण न मिळाल्यासारखा राग.
ही मात्र दोन्हीकडून सारखीच अंगावर आली.
सुट्टीनंतर सकाळी एकेक माग सुरू व्हायचा
आणि बाराव्यापर्यंत आपलं नावही ऐकू यायचं नाही, तसं.
भाचा सुहास म्हणाला, मावशी, बारीक कर.
बारीक कशाला? ही एकच आहे
जिच्यात मला तुझ्याएवढंच ऐकू येतं.
ढोलवाल्याचा चौथा ठोका केसभर उशिरा पडतो.
आमचा सातवा माग तसाच होता.
बाबा तो दुरुस्त करू द्यायचे नाहीत,
म्हणायचे, याचं कापड मऊ येतं.

चर्चच्या ऑर्गनची तबकडी मी कानानं ऐकलीच नाही.
कपाटाच्या दारावर तळवा ठेवला,
आतल्या स्टीलच्या वाट्या शिरशिरत होत्या,
तेवढं पुरलं.

कन्नड पदांची एक आहे, एकतारीवरची.
निम्मे शब्द कळतात, निम्मे ओळखीचे वाटतात.
बाजारात भाव करताना येणारी भाषा
इतकी एकटी असू शकते, माहीत नव्हतं.

आणि पेटीच्या तळाशी, कव्हर नसलेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी तबकडी.
कुण्या बाईंचा मारवा.
खुर्ची फिरवली, काहीच बदललं नाही.
परत फिरवली.
डावं उजवं व्हायच्या आधीचं गाणं ते,
एकाच माईकसमोर उभं राहून म्हटलेलं,
तंबोरा, तबला, खोकला, सगळं एका जागी.
या बाईनं माझ्यापासून
काही म्हणजे काही राखून ठेवलं नव्हतं.
मी उठलेच नाही. सुई मधल्या लेबलाशी
घासत राहिली, खर्र, खर्र,
तेही एका कानाला पूर्ण.

परवा मारव्याच्याच मध्यात वीज गेली.
आवाज विहिरीत पोहरा सुटावा तसा
खाली खाली गेला, बाईचा पुरुष झाला, मग पाणी.
अंधारात मीच पुढची तान घ्यायला गेले.
शेजारच्या कणबर्गीकाकू म्हणाल्या, काय झालं हो?

बसवण्णेप्पांना कानाचं सांगितलं तेव्हा
ते जरा वेळ स्क्रूड्रायव्हर चष्म्यावर वाजवत राहिले.
'मग दोन्ही वायरी एकत्र जोडून देतो की.
सगळंच सगळीकडनं येतंय बघा.
दहा मिनिटाचं काम, पैसे नकोत.'

हो म्हणणार होते.
पण मग तो ट्रंपेटवाला
पहिल्यापासूनच खोलीत असेल.

नको म्हटलं. राहू दे.
खुर्चीच्या पायांना तेवढे रबर घ्यायला हवेत,
फरशीवर ओरखडे पडतायत,
आणि खालचे घरमालक तक्रार करतात
की ही बाई रविवारी सामान का हलवते.