वास कधी गेला

डॉक्टर पाठारे म्हणाले, हात नंतर बघू,
आधी सांगा, वास कधी गेला?
कर्वे रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो,
घरातून कुणी निघून गेलं होतं
आणि कुणी दारापर्यंतही गेलं नव्हतं.

अण्णांनी एकतीस वर्षं रविवार पेठेत चहा मिसळला.
मुठीत पत्ती घ्यायची, तोंडाची गरम वाफ द्यायची,
मूठ जरा उघडून नाक खुपसायचं.
मग हिशोब: दोन पोती ममरी, एक दाणेदार,
डस्ट अगदी नावाला.
शेठजींचा गल्ला त्या नाकावर चालायचा.
नाकावर माशी बसू देत नाहीत अशी त्यांची ख्याती,
दोन्ही अर्थांनी.
आता बसते. उशिरा कळतं.

आई म्हणाली, ते दूध करपलं होतं ना, तेव्हा असेल.
मला गॅस आठवला: बटण अर्धवट, ज्योत नाही,
हे शेजारी पेपर वाचतायत,
मी आल्यावर म्हणाले, काय ओरडतोस?
त्या वर्षी नाशिकहून माल परत आला होता.
शेठजींनी पावसाला दोष दिला,
आम्हीही.
बोट हललं ते पुढे पाच वर्षांनी.

आता नाकाला एकच काम, गळणं.
सर्दी नाही, पडसं नाही.
वरणभाताचा पहिला घास, की एक थेंब
टोकाशी येऊन थांबतो.
चेहराच हलत नाही, तर थेंबाला कसली घाई?
खिडकीचा उजेड धरून तो लोंबतो
आणि आई, भाजीवाल्याचं काहीतरी सांगता सांगता,
ओटा पुसावा तसा टिपून घेते.
जुन्या लेंग्यांचे चौकोन कापलेत तिने,
प्रत्येक खिशात दोन.
धनकवडीच्या आतेभावाकडचं लग्न अण्णांनी टाळलं.
पोट बरं नाही म्हणाले.
आम्हीही सगळ्यांना पोटच सांगितलं.

परवा सकाळी मात्र डबा मागितला.
थरथरत्या मुठीत पत्ती, अर्धी लेंग्यावर,
वाफ दिली, नाक नेलं आत,
डोळे मिटले, जुन्यासारखे.
मी श्वास धरून उभा.
टपकन थेंब पडला पत्तीत.

"जरा कडक आहे," ते म्हणाले.

आईने ती मूठ हळूच सोडवली,
पत्ती तशीच आधणात टाकली.
तिघांनी चहा घेतला.
खरंच कडक होता.