हाताची घडी

सोहारच्या आमच्या शाळेत नोटीस लागली
पाण्याच्या कूलरच्या वर:
एक तारखेपासून अकरावी दुपारच्या पाळीत.
बारा ते साडेसहा. वर्गखोल्या अपुऱ्या.
खाली शिक्का, जरा तिरका.

पोरांनी आधी रीतसर अर्ज केला.
नाझनीनने लिहिला. मी फक्त व्याकरण तपासलं,
फक्त, असं मी स्वतःला सांगितलं.
रिजोची आई नर्स, कायमची रात्रपाळी,
दुपारी दोनला उठते, सातला निघते.
तेवढीच आई, असं अर्जात होतं.
सुमेधचा बाप रिफायनरीत,
पहाटे जातो, साडेतीनला येतो, नऊला निजतो.
बस घरी पोचणार आठला. वजाबाकी करून दाखवली होती.
शेवटी हर्षदीपच्या अक्षरात एकच शब्द: फुटबॉल.
तो मी खोडला नाही.

उत्तर आलं, विचाराधीन.

इथे घोषणा देत नाहीत.
हे शाळेत शिकवावं लागत नाही.
जेवताना, आमटी वाढून घेता घेता, बाप सांगतो:
आपण बाहेरची माणसं,
आपण बरं, आपलं काम बरं.
ते ऐकतच उंच झालेली ही पोरं.
त्यांना दंगा हवा होता, पण बिनआवाजाचा.

तो त्यांनी माझ्याकडूनच नेला.
मागच्या सत्रात, शमाल वाऱ्याचा धडा चालू असताना,
गोंगाट वाढला आणि माझ्या तोंडून निसटलं
सिन्नरच्या झेडपी शाळेतलं, गुरुजींच्या छडीसकट:
हाताची घडी, तोंडावर बोट!
वर्ग खदखदला.
मल्याळी, पंजाबी, तेलुगू जिभांनी ते आठवडाभर चघळलं,
हाताची गडी, हाताची गाडी,
आणि मी सुधारत राहिले: घ, घ, घराचा घ.

एक तारीख. बाराची घंटा.
एकेचाळीस जण उभे.
बसा, म्हटलं.
एक हात काखेत, एका हाताचं बोट ओठांवर.
बसा रे.
एसी घरघरत होता.
बाहेर खमीस सकाळच्या पाळीची बस मागे घेत होता,
तिचा पीं पीं पीं
इतका वेळ कधी ऐकला नव्हता मी.

प्राचार्य आले. दारातूनच विचारलं,
हे कुणी शिकवलं?
एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.
सगळे डोळे फळ्यावर,
आणि मी तर फळ्याच्या पुढेच उभी.
बोट कुठून वळवून त्यांनी फळा पाहिला
त्यांनाच ठाऊक.
मीही गप्प.
माझ्या ओठांवर बोट नव्हतं, एवढाच काय तो फरक.

नावं लिहून द्या, ते म्हणाले.
माझा व्हिसा शाळेच्या नावावर आहे.
लिहिली. रोल नंबरानं, अक्षर नेहमीपेक्षा चांगलं.

पाळी काही बदलली नाही.
साडेसहाला अंधारात पोरं बसमध्ये चढतात,
हर्षदीप डबा पायाने ढकलत नेतो, थेट पायरीपर्यंत.
पालकांना फोन गेले. एका बापाने म्हणे
मुलाला खडसावलं, आणि मग त्याला विचारलं,
किती वेळ उभा होतास?

गुरुवारी रिजो आला, तापातून उठून,
चेहरा एवढासा झालेला.
स्टाफरूमच्या दाराशी घुटमळला.
मॅडम, त्या यादीत माझं नाव राहिलं.

कागद अजून माझ्या पर्समध्येच होता.
उद्या देते, उद्या देते म्हणत चार दिवस.
काढला, उलगडला, लिहिलं:
बेचाळीस, रिजो वर्गीस.

खाली अजून दोन ओळी मोकळ्या होत्या.
पेनाचं टोपण लावायचं राहिलं होतं.