पेव

हरिपूरला तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा
मी बँकेचा नवा कारकून,
हातात तारण मालाची यादी.
"पोती मोजायचीत," मी म्हणालो.
"पोती कुठली? सगळं खाली हाय,"
असं म्हणून तू टाचेनं जमीन ठोकलीस.

आपण हळदीवर उभे होतो.

गड्यांनी तोंडावरची माती ओढली, मी वाकलो,
आणि तू कॉलर धरून मला मागं खेचलंस.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आत हवा कोंडलेली असते, माणूस जातो.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
तळाशी जळत राहिला, तर मग एकेक पाय.

त्या दिवशी कंदील तीनदा विझला.
तीनदा चहा झाला.
तेवढ्यात जी ओळख झाली, भरतेश,
ती एकोणचाळीस वर्षं पुरली.

तू हळकुंड मोडायचास कानाशी धरून.
खण्णकन वाजलं तर माल वाळलेला,
नुसतंच मोडलं तर ओल आहे अजून.
माणसंही तशीच ऐकायचास.
माझ्या मेहुण्याला एकदाच भेटलास
आणि जिना उतरताना म्हणालास,
"ओला हाय. जामीन राहू नको."
राहिलो. सात वर्षं त्याचे हप्ते फेडले.
सात वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस,
मी सांगितलं होतं.

महापूर ओसरल्यावर फावडं घेऊन आलास,
दोन दिवस माझ्या घरातला गाळ उपसलास,
आणि जाताना भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढलीस,
पोरांची उंची मांडतात तशी.
शेजारी तारीख, आणि खाली बारीक अक्षरात:
कृष्णामाई. वय माहीत नाही, वाढ चांगली.
बायको आधी चिडली, मग हसली.
आठवड्यात पहिल्यांदाच हसली.
त्यानंतर घराला रंग दिला,
तेवढी वीतभर भिंत सोडून.

दिवस बुडायच्या आत जेवायचास.
गप्पा कितीही रंगलेल्या असोत,
पावणेसहाला उठायचास,
वाक्य अर्धं माझ्याकडे ठेवून.
"राहिलेलं उद्या."
असली किती वाक्यं पडून आहेत माझ्याकडे,
तारण,
सोडवायला कुणी येणार नाही.

मिरजेच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
नळ्यांच्या आडून विचारलंस,
"आज सौद्याला काय दर निघाला?"
मी दोन हजार वाढवून सांगितला.
डोळे मिटलेलेच होते.
कान तेवढा माझ्याकडे केलास.
"ओलं हाय," म्हणालास.

हे आपलं शेवटचं बोलणं.
यापेक्षा बरं काही बोलायला हवं होतं का, माहीत नाही.

तुला आंघोळ घातली तेव्हा मला वाटत होतं
पाणी पिवळं निघेल.
चाळीस वर्षांची हळद, नखांत, हाताच्या रेघांत.
तसं काही झालं नाही.
पाणी पाण्यासारखं मोरीकडे गेलं.

काल तुझी सून येऊन गेली.
"काका, ही मामांची पिशवी.
यात तुमचं काही असेल तर बघा."
ती कापडी, बाजारात न्यायचास ती.

हरिपूरची पेवं तर कधीच बुडाली.
पाणी शिरलं, मग कुणी भरली नाहीत.
एकदा तिथून जाताना गाडी थांबवून
टाचेनं जमीन ठोकली होतीस तू.
काय ऐकलंस ते सांगितलं नाहीस,
मीही विचारलं नाही.

आत्ता पिशवीची नाडी सोडली.
चष्म्याचं घर दिसलं, चिठ्ठ्यांची वही,
आणि वास आला,
हळदीचा, घामाचा, कसल्याशा बामचा.
माझ्या आतलं काहीतरी फक्कन विझलं.
कॉलर धरून मागं ओढायला कुणी नव्हतं,
माझा मीच सरकलो.

नाडी तशीच उघडी ठेवलीये.
हवा जाऊ दे आत.

चहा टाकलाय.
त्या दिवशी तर तीनदा झाला होता.