कानातली बाई

डंडीच्या या हॉलमध्ये माझी जागा शेवटच्या रांगेमागं,
जादा खुर्च्या रचून ठेवतात तिथं.
पुठ्ठ्याचा आडोसा, एक माइक, ग्लासभर पाणी
आणि अकरा हेडफोन अकरा जणांच्या कानांत.
मी दिसत नाही कुणालाच,
ज्यांना दिसतं त्यांनाही.

पहिल्या तालमीला मी म्हणाले होते,
"ती उदास होऊन खिडकीबाहेर बघते."
रेनीसाहेबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
डोळे जाईपर्यंत बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस,
त्यानंतरही खोकल्यावरून फुकट्या ओळखणारा.
"उदास मी होईन, बाई.
ते काम माझ्याकडं राहू दे.
तू फक्त हात कुठं आहेत ते सांग."

तेव्हापासून मी हात सांगते.
बशीची कड पुसणारं बोट सांगते.
विशेषणं दाराबाहेर ठेवून येते,
ओल्या छत्रीसारखी.

नाटक साधंच. आई गेलीय,
दोघी बहिणी तिचं स्वयंपाकघर वाटून घेतायत.
सेंगा लॉरिमरला जन्मापासून दिसत नाही;
ती थोरली करते, जिला सगळं दिसतं.
खिडकीशी उभी राहून टे नदीकडं अशी बघते
की मी दोनदा वळून पाहिलं तिकडं.
भिंत होती.
आग विझवायचं लाल नळकांडं होतं.

स्टेजवर चिकटपट्टीखाली सुतळी टाकलीय,
तळव्यांना कळावं म्हणून: इथं टेबल, इथं दार,
इथून पुढं प्रेक्षकांच्या मांड्या.
या गावानं एके काळी साऱ्या जगाला गोणपाट विणून दिलं;
आमची सुतळी बांगलादेशची, दीड पौंडाला गुंडा.
धाकटी करणारी आयोना चांगली डोळस,
तीच दर वेळी अडखळते.

तिसरी घंटा.
म्हणजे यांची एकच असते,
आधीच्या दोन मी मनात देऊन घेते.

दुसऱ्या अंकात शेवटी एक कप उरतो.
आईचा. कान तुटलेला.
थोरली पुढं करते, धाकटी घेत नाही,
संहितेत आहे त्याहून कितीतरी जास्त वेळ घेत नाही.
"कप दोघींच्या मधे," मी म्हणाले.
"थोरलीचा अंगठा तुटक्या कानाच्या जागी फिरतोय."
पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. हात तिथंच.

आणि कप सुटला.

"अगं बाई!"
मराठीत. अकरा कानांत. थेट मिरजेहून.

आयोना थिजलेली, नुसत्या मोज्यांवर.
"हलू नकोस," सेंगा म्हणाली, संहितेत नसलेलं,
आणि गुडघ्यांवर बसून
फरशीवरून हलकेच हात फिरवत एकेक तुकडा वेचायला लागली,
झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा.
हे मी सांगायला हवं होतं. तेच तर माझं काम.
मी आवंढा गिळला.
तेवढंच गेलं माइकमधून.

नाटक संपल्यावर रेनीसाहेब आले हेडफोन परत द्यायला,
वायर व्यवस्थित गुंडाळून.
"ते काय होतं? अगबई?"
म्हटलं, माफ करा. पण विशेषण नव्हतं.
"नव्हतंच," ते म्हणाले,
आणि काठी टेकत सव्वादहाची बस गाठायला गेले.

फर्गसनं आज धर्मादाय दुकानातून चार कप आणलेत,
उरलेल्या चार प्रयोगांसाठी. कान स्वतःच तोडले.
आणि माझ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलंय:
कप पडतो. बाई कालचंच म्हणते.

म्हणजे आता ठरल्या वेळी, ठरल्या कपाला
मी खरीखुरी दचकायचंय.
इतके दिवस आडोशामागं मजेत होते,
आता पोटात गोळा.
सेंगाला सांगितलं तर हसली.
म्हणाली, उद्या अर्धा तास आधी ये,
खिडकीबाहेर कसं बघायचं
तिथपासून सुरू करू.