वहीतले दोन

रात्री तीनला कपाळावर दिवा बांधून
आम्ही रबराच्या झाडांना खाचा पाडायला निघतो.
रांगेत झाडं, रांगेत वाट्या,
चीक थेंब थेंब.
इथे एक पाखरू ओरडत नाही.
मी जन्मले त्या वर्षी हा उतार कापला,
आई सांगायची,
त्यात माझाच काही हात असल्यासारखं.

रबर संपतं तिथे ओढा.
पलीकडे वुझीचं खरं रान चढत जातं
धुक्यात, वेताच्या काट्यांत.
तिथे तो असतो, रानतितर :
डोकं काळं, कानाशी पांढरा ठिपका,
कापसाचा बोळा घालून ठेवावा तसा,
आणि छातीवर पिकल्या सुपारीचा रंग.
दिवसा पाचोळा उकरतो,
रात्री खालच्या फांदीवर अंग चोरून बसतो.

माझ्या बाला हे सगळं माहीत.
तो वेताच्या दोरीचे फासे लावायचा
आणि तळहाताआडून शीळ घालायचा.
पाखराला वाटायचं, कोण आलंय माझ्या हद्दीत,
नि तणतणत यायचं, मरायला.
हल्ली पोरं मोटारसायकलची क्लचवायर लावतात.
बा म्हणतो, त्यात मजा नाही.
मजा, म्हणतो.

हाइकोहून शुयाओ आली,
पाखरं मोजायला. जाड चष्मा, कानाला यंत्र,
पायांवर जळवांचे डाग.
पहाटे ओढ्याकाठी आम्ही दोघी श्वास धरून.
वरून हाक आली.
लगेच खालून दुसरी.
तिने दोन बोटं वर केली, दात दिसेपर्यंत हसली
आणि वहीत लिहिलं : दोन.

खालची हाक मी ओळखली.
वाट्या धुण्याच्या खोपटामागे
ऐंशी वर्षांचा फू याबान उकिडवा बसला होता,
तळहात तोंडाशी.
त्याचे कान जाऊन सहा वर्षं झाली.
उत्तर आलं की नाही ते त्याला कळत नाही,
म्हणून तो थांबत नाही.

वरचा मात्र थांबून थांबून उत्तर देत होता,
दर वेळी थोडा खालून,
थोडा जवळून,
ओढ्याच्या अगदी त्या काठावरून.

शुयाओ जीपमध्ये बसेपर्यंत सांगेन म्हटलं.
तिने मला संत्रं दिलं. मी सोललं.

मग खोपटामागे जाऊन
बाची मूठ उघडून पाहिली.
रिकामी.
दुसरीही पाहिली.